वहीतले दोन रकाने

सकाळी पावणेआठ

शटर अर्धं वर गेलं तेवढ्यात फोन वाजला. फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरच्या वार्षिक वर्गणीची आठवण. दोन मशीनच्या दोन वर्गण्या. नको असतील तर आज रात्री बारापर्यंत रद्द करायच्या, नाहीतर पुढच्या वर्षाचे पैसे आपोआप कापले जातील. गेले आठ दिवस मी हे पुढे ढकलतेय. आमच्याकडे कामाला असलेला पोरगा रोज एकदा तरी म्हणतो, "ताई, आता सगळं ब्राउझरमध्येच होतंय की. कशाला पैसे घालायचे?" त्याचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडजवळच्या एका स्टुडिओला दोन वर्गण्या जड जातात.

म्हणून पावतीबुकाच्या शेवटच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे 'मशीन', उजवीकडे 'ब्राउझर'. आज येणारं प्रत्येक काम जिथे होईल त्या बाजूला लिहायचं, कारणासकट. रात्री वही बघून ठरवायचं.

हा स्टुडिओ अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने रिटचिंग करायचे. गालावरचा एक डाग झाकायला पाव तास. २००३ साली आम्ही पहिला कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर फोटोशॉप ७ आलं. 'हीलिंग ब्रश' नावाचं हत्यार त्याच आवृत्तीत, २००२ मध्ये, पहिल्यांदा आलं होतं. शेजारच्या कातडीचा पोत उचलून डागावर असा बसवायचं की जोड दिसू नये. अण्णा माझ्या मागे उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, "आता हात कमी लागेल, डोळा जास्त लागेल." सीडीवरून घेतलेलं ते सॉफ्टवेअर घरातल्या शिलाई मशीनसारखं होतं, एकदा आणलं की आपलं. २०१३ मध्ये ॲडोबीने पुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायचं ठरवलं, आणि तेव्हापासून दरवर्षी हा हिशोब माझ्यासमोर येतो.

साडेआठ

वैरागहून एक मुलगा आला. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचाय, आज शेवटची तारीख, आणि फोटो 'अपलोड होत नाही'. ही तक्रार मी वर्षभर ऐकते. आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा, वजन २० ते ५० केबी. सही १४० बाय ६० ची, १० ते २० केबी. मुलं मोबाइलवर काढलेला चार एमबीचा फोटो टाकतात आणि फॉर्म तो परत फेकतो.

हे काम मी मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये करतच नाही. स्क्वूश नावाचं एक साधन ब्राउझरमध्ये उघडते. गूगलच्या क्रोमवाल्यांनी २०१८ मध्ये काढलेलं, फुकट. डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे दाबलेला, खाली सरकपट्टी. पट्टी जशी मागे नेऊ तसा केबीचा आकडा डोळ्यांदेखत उतरतो आणि चेहरा कुठे फुटायला लागला तेही दिसतं. मुलाला शेजारी स्टुलावर बसवलं आणि माऊस त्याच्याच हातात दिला. सही त्याने स्वतः केली. सतरा केबी.

"ताई, हे माझ्या मोबाइलवर पण चालेल?"

"चालेल. पुढच्या वेळी गावातूनच कर. एसटीचं भाडं वाचेल."

मी पासपोर्टच्या आठ कॉपींचेच पैसे घेतले. चार बाय सहा इंचाच्या कागदावर पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचे बरोबर आठ फोटो बसतात, ते शीट मशीनवर तयारच असतं. वहीत उजवीकडे लिहिलं: फॉर्मचा फोटो, पाच मिनिटं.

सव्वानऊ

पोरगा आला, कालच्या लग्नाची मेमरी कार्डं रिकामी करायला बसला. दोन कॅमेरे मिळून २,१४० फोटो, सगळे रॉ. एकेक फोटो सरासरी २५ एमबीचा धरला तरी ५३ जीबी. त्याने परत विषय काढला, म्हणून त्यालाच कॅल्क्युलेटर दिला. आपल्या लाइनचा वर चढवायचा वेग सेकंदाला २० मेगाबिट, एका बाइटचे आठ बिट. आकडा आला साधारण सहा तास, तोही मध्ये काहीच तुटलं नाही तर. तेवढ्यात या मशीनवर निम्मं लग्न निवडून होतं.

रॉ कशासाठी काढायचे, हा त्याचा पुढचा प्रश्न. त्याला हळदीचे फोटो उघडून दाखवले. आपल्या लग्नांत हळद हा कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा परीक्षक. सगळीकडे पिवळं दिसलं की कॅमेरा स्वतःच्या बुद्धीने ते पिवळं कमी करायला जातो आणि नवरीचा चेहरा निळसर, आजारी पडतो. शिवाय उन्हात हळद इतकी भडकते की तिच्यातल्या छटा संपून नुसता पिवळा थापा उरतो. जेपीईजीत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. एवढ्या पायऱ्या असल्या की बऱ्याचदा तो थापा परत हळद होतो, बोटांच्या खुणांसकट. नवरीच्या आईला त्या खुणा हव्या असतात, कारण त्यातल्या काही खुणा तिच्या बोटांच्या असतात.

मग अल्बम. आमचं शीट बारा बाय छत्तीस इंचाचं. ३०० डीपीआयला ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल, म्हणजे जवळपास तीन कोटी एकोणनव्वद लाख ठिपके. एक पूर्ण लेयर सुमारे ११७ एमबी. दहा-बारा लेयर रचले की सव्वा-दीड जीबी नुसते चित्राचेच. ब्राउझरच्या आत चालणाऱ्या अशा प्रोग्रामांना बहुतेक वेळा चार जीबीच्या आतच संसार करावा लागतो. मी हे मागच्या दिवाळीत करून बघितलंय. चौथ्या शीटला टॅब पांढरी झाली आणि 'पान रीलोड करा' असं आलं. लग्न रीलोड करता येत नाही.

डावीकडे: लग्न, सगळं.

अकरा

बचत गटाच्या ताई आल्या. शेंगाचटणीच्या पाकिटावरचं लेबल. त्यांनी कॅनव्हामध्ये स्वतःच केलंय, मोबाइलवर, रात्री जेवणं आटोपल्यावर. कौतुक करण्यासारखं काम. शेंगांचा फोटो, लाल पट्टी, नाव ठळक. दहा वर्षांपूर्वी हे लेबल माझ्याकडेच झालं असतं आणि वजन किंवा किंमत बदलली की दर वेळी त्यांना माझ्याकडे खेप पडली असती. आता किंमत त्या घरी बसून बदलतात. माझं एक काम गेलं हे खरं, पण मला ते बरं वाटतं. ज्याचा माल त्याच्या हातात त्याचं लेबल असावं.

फक्त दोन गोष्टी मी दाखवल्या. 'सोलापुरी' शब्दातला ल बघा म्हटलं. तो हिंदी वळणाचा आला होता, उभ्या दंडाचा. मराठी ल दोन पाकळ्यांचा, श देठाचा. राज्य शासनाच्या वर्णमालेतही तोच ल, तोच श आहे. अनेक देवनागरी फॉन्टांच्या पोटात मराठी ल-श असतात, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, आणि तयार टेम्पलेटमध्ये ते सांगायची सोय सापडतेच असं नाही. गिऱ्हाईक सोलापुरी चटणी त्या ल वरून घेत नाही, मला माहीत आहे. पण मराठी माणसाच्या पाकिटावर मराठी अक्षर असावं, यावर मी अडून बसते. फॉन्ट बदलला, ल आला.

दुसरं म्हणजे कापणी. लेबल छापून कापताना पाती केसभर इकडेतिकडे जाते, म्हणून रंग चहूबाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर न्यावा लागतो. नाहीतर एखाद्या कडेला पांढरी रेघ उरते. त्यांनी आपल्या वहीत लिहून घेतलं.

वहीत हे काम मी रेघेच्या बरोबर मध्ये लिहिलं.

बारा चाळीस

लाईट गेली. बाहेर ऊन असं की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा दिसत नाहीत. इन्व्हर्टर पंखा आणि एक दिवा ओढतो. मोठं मशीन बंद करावं लागतं. लॅपटॉप काढला, मोबाइलचं नेट जोडलं आणि ब्राउझरमध्ये फोटोपी नावाचं एडिटर उघडलं.

नेमक्या याच वेळी एक मावशी आल्या. मुलीच्या बायोडेटासाठी फोटो. घराच्या अंगणात काढलेला, मागे वाळत घातलेले कपडे. "मागचं तेवढं काढून द्या, संध्याकाळी पाहुणे येणारेत." पोरगा लगेच म्हणाला, एका क्लिकवर मागचं काढून देणारी साइट आहे, पाच सेकंदांचं काम. आहे, आणि ती छान कापते, केसांच्या बटासुद्धा. पण तिथे फोटो आपल्या लॅपटॉपवरून निघतो, कुणाच्या तरी सर्व्हरवर जातो, कापून परत येतो. मधल्या प्रवासात त्याचं काय होतं, किती दिवस तो तिथे राहतो, हे त्या कंपनीच्या अटींच्या पानावर असतं आणि ते पान आम्ही दोघांनीही वाचलेलं नाही. ज्या मुलीचा चेहरा आहे ती इथे नाही. तिच्या वतीने मी 'मान्य आहे' दाबायचं नाही, हा माझा नियम आहे.

पोरगा म्हणाला, "पण तुम्ही पण ब्राउझरमध्येच करताय ना?"

हा फरक त्याला कळावा म्हणून मी फोटोपी पूर्ण उघडल्यावर मोबाइलचं नेट बंद केलं. लॅपटॉपला काहीच जोडलेलं नाही. तरी पेन टूल चाललं, मास्क चालला, लेयर चालले. फोटोपी इव्हान कुत्स्किर नावाच्या एका माणसाने उभं केलंय, २०१३ पासून. फोटोशॉपची पीएसडी फाइल ते उघडतं आणि परत तशीच जतन करून देतं. पान एकदा उतरलं की सगळी आकडेमोड आपल्याच मशीनचा प्रोसेसर करतो. फोटो बाहेर जात नाही. म्हणजे 'ब्राउझर' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकात सॉफ्टवेअर आपल्या घरी येऊन काम करून जातं, दुसऱ्यात आपलं माणूस त्यांच्या घरी पाठवावं लागतं. मला वाटतं, पोराने आजच्या दिवसात एवढी एक गोष्ट धरली तरी पुष्कळ.

वीस मिनिटं लागली. मावशींनी ताक मागवलं होतं, ते तिघांनी प्यायलं.

उजव्या रकान्यात लिहिलं, आणि पुढे: 'नेट बंद करून'.

सव्वातीन

आजी त्यांच्या नातवाबरोबर आल्या. पदराच्या गाठीतून पाकीट, पाकिटातून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून फोटो. सहा बाय नऊ सेंटिमीटर, काळापांढरा, पंढरपूरला काढलेला. कोट, टोपी, काठी धरलेला हात. मधोमध आडवी घडी पडून कागद फुटलेला, ती भेग कोटावरून सुरू होऊन हनुवटीला स्पर्श करून जाते. कडेला बुरशीचे ठिपके. यजमानांचा एवढा एकच फोटो आहे.

नातू म्हणाला, "ताई, मी मोबाइलवर करून बघितलं होतं, एआयवर. मस्त आलंय, पण आजी नको म्हणते." त्याने दाखवलं. खरंच लखलखीत होतं. रंग भरलेले, घडी गायब, कातडी गुळगुळीत, डोळ्यांत चमक.

आजींनी तो मोबाइल हातात घेतलाच नाही. म्हणाल्या, "हे आमचे नव्हेत."

मी मूळ फोटो भिंगाखाली धरला आणि मग मला दिसलं. या माणसाचा डावा डोळा थोडा बाहेरच्या बाजूला बघतो. मोबाइलवरच्या फोटोत दोन्ही डोळे सरळ होते. ही साधनं लाखो चेहरे बघून शिकलेली असतात. फोटोत जिथे माहिती अपुरी असते तिथे ती अंदाजाने भरतात, आणि अंदाज नेहमी सगळ्यांसारख्या चेहऱ्याकडे झुकतो. त्यांच्या लेखी तिरळा डोळा ही घडीसारखीच एक खराबी. आजींना मी एवढंच विचारलं, "डावा डोळा असाच होता ना?"

"तसाच. बोलायचे माझ्याशी आणि बघताहेत उंबऱ्याकडं, असं वाटायचं. मला सवय होती."

लाईट परत आली होती. स्कॅनरची काच पुसली, १,२०० डीपीआय, सोळा बिटांत स्कॅन केला. सव्वा कोटीच्या आतबाहेर ठिपके झाले. एवढ्याशा फोटोला पुष्कळ. मूळ स्कॅनचा लेयर कुलूपबंद केला, कारण त्याला कुणीच हात लावायचा नाही, मीसुद्धा. दुरुस्ती सगळी वरच्या रिकाम्या लेयरवर. आधी बुरशीचे ठिपके एकेक, छोट्या ब्रशने. मग पार्श्वभूमीतली भेग. मग कोट, कोटाचं कापड जाडं विणलेलं आहे, त्याची वीण तुटू नये म्हणून अगदी शेजारूनच पोत उचलायचा, लांबून नाही. हनुवटीला आल्यावर हात हळू झाला. भेगेच्या वर आणि खाली दाढीचे खुंट दिसतात, ते दोन्हीकडून पुढे नेत मध्ये भेटवले. डोळ्यांपर्यंत भेग गेलेलीच नव्हती. तिथे करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून काही केलं नाही.

पावणेदोन तास गेले. आजी एवढा वेळ बाकावर बसून होत्या, चहा नको म्हणाल्या. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली तेव्हा त्या आधी काहीच बोलल्या नाहीत. मग नातवाला म्हणाल्या, "बघ, हे बघ. हे तुझे आजोबा."

मोठ्या आकाराचा प्रिंट उद्या द्यायचाय. हे काम फोटोपीमध्ये झालं नसतं का? घासूनपुसून झालं असतं, हीलिंग ब्रश तिथेही आहे. पण सोळा बिटांची काळ्यापांढऱ्याची खोली, मोजून रंग सेट केलेला मॉनिटर आणि त्या मॉनिटरशी जुळवलेला माझा प्रिंटर ही साखळी मशीनवरच्या सॉफ्टवेअरमध्ये माझ्या हातात असते. एकुलत्या एका फोटोला मला ती साखळी लागते.

साडेपाच

पत्रिकेचं काम. थोरल्या मुलाची पत्रिका २०११ मध्ये आमच्याकडेच झाली होती, आता धाकट्याचं लग्न, 'मजकूर तोच ठेवा, नावं बदला'. जुनी फाइल उघडली. त्या काळी आमच्या धंद्यातलं मराठी बहुतेक श्रीलिपीसारख्या फॉन्टांत असायचं, युनिकोडमध्ये नाही. आतली अक्षरं खरं तर इंग्रजी कळांची. फॉन्टाने त्यांना मराठी कपडे घातलेले. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच 'श्री गणेशाय नमः'ची ओळ चिन्हांचा पसारा होऊन दिसते. मजकूर युनिकोडमध्ये नव्याने घेतला आणि ब्राउझरमधल्या मांडणीत टाकला.

तिथे मुद्दाम, कारण नवरदेव न्यू जर्सीत आहे, त्याची बहीण पुण्यात आणि आईवडील इथे. मागच्या वेळी मी 'फायनल', 'फायनल २', 'शेवटची फायनल' अशा पीडीएफ पाठवत बसले होते. आज एक लिंक दिली. आत्याचं आडनाव चुकलेलं बहिणीने स्वतः दुरुस्त केलं. नवरदेव तिकडे सकाळी उठला आणि त्याने मामांचं नाव वर घेतलं. आईने इथून फोन करून ते परत खाली आणलं. हे मशीनवर मला कधीच जमलं नसतं.

छपाईला देताना मात्र फाइल खाली उतरवून मशीनवर घेतली. स्क्रीन लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात रंग दाखवते, छापखाना चार शाया वापरतो. स्क्रीनवरचा झळझळीत भगवा कागदावर विटकरी होऊ शकतो. तो आधीच बघून सावरावा लागतो.

रात्री नऊ

पोरगा गेला. वही उघडली. उजव्या रकान्यात कामांची संख्या जास्त, डावीकडे तास जास्त.

दोन जुन्या गोष्टी आठवल्याशिवाय ठरवता येईना. एका वेबवरच्या एडिटरमध्ये मी काही वर्षं ग्राहकांची कार्डं ठेवली होती. तो फ्लॅशवर चालायचा. फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० ला संपला, आणि त्याच्या आधीच ती सेवा गुंडाळली गेली. सूचना आली होती. लग्नसराईत मी ती वाचली नाही. आणि २०१६ मध्ये याच टेबलाखालची हार्डडिस्क गेली, तेव्हा चौदा लग्नं गेली. त्यातल्या एका नवरीचे वडील नंतर वारले. त्यांचे फोटो मी देऊ शकले नाही. अजून त्या घरावरून जाताना मी मान खाली घालते.

अकराला वीस मिनिटं असताना ठरलं. एक वर्गणी ठेवली, मोठ्या मशीनची. दुसरी रद्द केली. पोराच्या मशीनवर गिंप टाकलं; मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली आहे. १९९६ पासून ते सगळ्यांसाठी फुकट खुलं आहे, आणि देवनागरीच्या वेलांट्या ते मुकाट जागेवर बसवतं. बाकी त्याला ब्राउझर आहेच. वाचलेल्या पैशातून आणखी एक हार्डडिस्क घ्यायची.

मग आजींच्या फोटोची टीआयएफएफ फाइल केली, कुलूपबंद लेयरसकट. एक प्रत मशीनवर, एक कपाटातल्या डिस्कवर. तिसरी माझ्या पर्समधल्या डिस्कवर, ती घरी जाते. प्रिंटच्या पाकिटावर नाव, माप आणि उद्याची तारीख घातली, आणि खाली पेन्सिलीने पोरासाठी एक ओळ लिहिली: डाव्या डोळ्याला हात लावायचा नाही.